आधी पाणी सोडायचं

अप्पा,

तुम्हाला मराठीत पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. शाळेतून दर रविवारी लिहायचे ती पत्रं इंग्रजीत असायची, कारण पाकीट बंद करण्याआधी सिस्टर ती वाचायच्या आणि त्यांना मराठी येत नव्हतं. मी बरी आहे, तुम्हीही बरे असाल अशी आशा आहे, प्रार्थनेत तुमची आठवण काढते, असल्या वाक्यांच्या पुढे ती पत्रं कधी गेली नाहीत. तुमचं उत्तर मात्र मराठीत यायचं, पाटबंधारे खात्याच्या त्या कोरड्या अक्षरात, आणि त्यात माझ्या तब्येतीच्या चौकशीपेक्षा कालव्याला किती पाणी सुटलंय तेच जास्त असायचं. तेव्हा मला त्याचा राग यायचा. आता वाटतं, तुम्हाला दुसरं काही लिहिता येत नव्हतं, आणि मला दुसरं काही लिहू देत नव्हते, एवढाच आपल्यात फरक होता.

सांगायचं आहे ते एका बोटीबद्दल. त्यालाही आता काही वर्षं झाली. नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलातून हे निवृत्त झाले त्या वर्षी यांच्या मनाने घेतलं की आठवडाभर नॅरोबोट भाड्याने घ्यायची आणि इथल्या कालव्यांतून फिरायचं. नॅरोबोट म्हणजे चाळीतल्या चार खोल्या ओळीने कापून पाण्यावर ठेवाव्यात तशी बोट, लांबच लांब आणि इतकी अरुंद की आतून दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने मागे सरायचं. त्या उन्हाळ्यात यांची थोरली बहीण सांगलीहून आमच्याकडे आली होती. वन्संचे गुडघे दुखायचे, जिने त्यांना नको वाटायचे, पण बोट म्हटल्यावर त्या दिवसभर बसून राहायला तयार झाल्या. “चालायचं नाही ना? मग मी समुद्रावर पण येते,” म्हणाल्या.

तुम्ही इथला कालवा पाहिला असतात तर हसला असतात. याला वेगच नाही. चहासारखं तपकिरी पाणी नुसतं उभं असतं, वर बदकं, काठाने चालायला पायवाट, आणि लोक कुत्री घेऊन हिंडतात. आपल्या कॉलनीमागचा कालवा आठवतो ना, उन्हाळी पाणी सुटलं की दोन्ही बाजूंचं सिमेंट घासत, काही न बोलता, पळत जायचा. तुम्ही आम्हा मुलांना ओळीने उभं करून सांगायचात, नदीत पडलेला माणूस बाहेर येतो, कालव्यात पडलेला येत नाही, कारण धरायला काही नसतं. मी इथल्या पाण्याकडे बघून मनात म्हटलं, हे तर पाळीव आहे. तसं म्हणायला नको होतं असं मला त्याच क्षणी वाटलं, का ते सांगता येणार नाही.

बोट देणाऱ्या माणसाने पहिल्या दिवशी आम्हाला सगळं शिकवलं. इंजिन कसं सुरू करायचं, गॅस कुठे बंद करायचा, पाण्याखालच्या पंख्यात काही अडकलं तर मागचं कुठलं झाकण उघडून हात घालायचा. शेवटी त्याने लॉक समजावलं. लॉक म्हणजे पाण्याचा जिना. दोन्ही टोकांना दारं असलेला दगडी हौद. बोट वरच्या दाराने आत घ्यायची, मागे दार लावायचं, मग खालच्या दारातल्या झडपा, इथे त्यांना पॅडल म्हणतात, हँडलने वर उचलायच्या की हौदातलं पाणी निघून जातं आणि बोट त्याच्याबरोबर हलकेच खाली उतरते. वरच्या दाराच्या आतल्या बाजूला पाण्याखाली दगडाचा एक रुंद उंबरठा असतो. हौद भरलेला असतो तेव्हा तो दिसत नाही. म्हणून भिंतीवर एक पांढरी रेघ काढलेली असते, बोटीचं शेपूट त्या रेघेच्या पुढे ठेवायचं. “बाकी सगळं विसरलात तरी चालेल,” तो माणूस म्हणाला, “ही रेघ विसरू नका. दर वर्षी कोणीतरी विसरतं.” हे मान डोलावत होते, जशी आयुष्यभर नव्या नर्सेससमोर डोलावली तशी. आणि मी ऐकत नव्हते, अप्पा. मी त्या दाराला हात लावून बघत होते. दातेरी पट्टी, खटका, जुन्या ग्रीसचा वास. चाळीस वर्षांनी तुमच्या शर्टाचा वास आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत चहा करत होते आणि हे काठावर दोर सोडत होते, तेव्हा मागच्या बाजूला काहीतरी डुबकन पाण्यात पडलं. वन्सं आत आल्या, पदर कमरेला खोचलेला, बोटांना हळदकुंकू. “ओटी भरली हो,” म्हणाल्या. “पाण्यावर निघालोय, तिची ओटी नको भरायला? आता काळजी नाही.” मी खिडकीतून पाहिलं तर एक नारळ शेंडी वर करून मागे मागे चालला होता आणि दोन बदकं त्याच्याकडे संशयाने बघत होती. मला हसू आलं. आई प्रत्येक उन्हाळ्यात कालव्याची ओटी भरायची ते आठवलं, तांदूळ, हळकुंड, नारळ आणि तो खण, आणि तुम्ही फाटकापाशी उभे राहून न बघितल्यासारखं करायचात.

त्यानंतर तासाभरात इंजिनाचा आवाज बदलला. आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग मला वाटायला लागलं की बोट काहीतरी ओढत चालली आहे. सुकाणूचा दांडा यांच्या हातात थरथरत होता, मागे पाण्यात नेहमीचा फेस येण्याऐवजी नुसती गढूळ उकळी येत होती, आणि धूर काळा होत गेला. काठावरून चालणारा एक म्हातारा आम्हाला मागे टाकून पुढे गेला, ते यांना फार लागलं.

“अहो, थांबवून बघू या का जरा?”

“अगं, जुनं इंजिन आहे. कुरकुरणारच.”

“तुझ्यासारखं,” आतून वन्सं म्हणाल्या.

“पुढचं लॉक उतरलं की खाली थांबू,” हे म्हणाले. “खाली पब आहे. तिथे बघतो.”

आभाळ भरून आलं होतं, पण पाऊस पडत नव्हता. दोन्ही बाजूंना झाडं इतकी जवळ आली होती की दिवसा दिवा लावावासा वाटावा. पक्षी नाहीत, वारा नाही, नुसतं ते इंजिन दमेकऱ्यासारखं. लॉक दिसलं तेव्हा वरचं दार उघडंच होतं, जणू कोणी आमच्यासाठी उघडून ठेवून निघून गेलं होतं. बोट आत शिरली. मी हँडल घेऊन काठावर उतरले, वरचं दार पाठीने ढकलून लावलं आणि खालच्या दारापाशी गेले. यांना माझ्यापेक्षा बोट चालवायची हौस आणि मला ही दारं. तसं आमचं ठरूनच गेलं होतं. वन्सं बोटीच्या अगदी पुढच्या टोकाला, छोट्या दारात, कांदा चिरत बसल्या होत्या.

इथे मला थोडं मागे जायला हवं. तुम्हाला माहीत असलेलंच सांगते, पण माझ्या बाजूने तुम्ही ते कधी ऐकलेलं नाही.

मी नऊ वर्षांची असेन. एप्रिलमधली दुपार. कालवा भरून चाललाय. गवळ्याची सून कळशी भरताना घसरली, आणि पुलाच्या अलीकडच्या जाळीला जाऊन अडकली. तिचं डोकं वर येतंय, जातंय, येतंय. बायका ओरडतायत. तुम्ही जेवत्या ताटावरून उठून धावलात, उष्ट्या हाताने. तिच्याकडे नाही, दुसऱ्या बाजूला, एस्केपकडे. कालव्यातलं पाणी बाजूच्या ओढ्यात सोडून द्यायचं ते मोठं दार. तुम्ही चाक फिरवताय, सगळं अंग घालून फिरवताय, आणि मी कडुनिंबाखाली अनवाणी उभी आहे. पाण्याची पातळी उतरताना सिमेंटवर ओला पट्टा रुंद होत जातो ते मला दिसतंय. मग तिचे खांदे दिसले, मग कंबर, मग चार माणसांनी तिला ओढून वर घेतली, आणि ती खोकली. तुम्हाला लोकांनी खांद्यावर घेतलं. तुमचा तो हसरा चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि नंतरही नाही.

ओढा कित्येक महिने कोरडा होता. खालच्या वळणावर एका डबक्यापाशी एक म्हातारी गोधड्या धूत बसली होती. ती त्या गवळ्यांचीही कोणी नव्हती, कॉलनीचीही नव्हती. संध्याकाळी सापडली.

एस्केप उघडण्याआधी ओढ्याने एक माणूस ओरडत पाठवायचा असा नियम होता. तुमच्याजवळ तेव्हा पाठवण्यासारखा माणूस होता की नव्हता, यावरच मग सगळी चौकशी चालली. मला एवढंच कळत होतं की ज्यांनी तुम्हाला खांद्यावर घेतलं तेच आता आमच्या दारावरून जाताना चप्पल हातात घेतल्यासारखे जातात. जूनमध्ये तुमची बदली झाली आणि मला सिस्टरांच्या शाळेत ठेवलं. आई म्हणाली, इंग्रजी चांगलं होईल. तुम्ही मला नवी छत्री आणलीत, लाकडी मुठीची, मोठ्या माणसाची. शाळेच्या फाटकाशी ती माझ्या हातात देऊन तुम्ही आल्या पावली परत फिरलात, भिजत.

मग सुट्टीत घरी आले की ते वाक्य. स्वयंपाकघरात आपण जेवायला बसलोय, आई तव्यावरची भाकरी उलटतेय, कोणी काही विचारलेलं नाही, आणि तुम्ही घास हातात धरून म्हणताय, “माणूस अडकलेलं दिसलं की आधी पाणी सोडायचं. बाकी मग.” आई ताटात भाकरी टाकते. तुम्ही पुन्हा म्हणता, “आधी पाणी सोडायचं.” मी एकदा, बारा-तेरा वर्षांची असेन, विचारलं, “आणि खाली कोणी असलं तर?” तुम्ही माझ्यावर इतके ओरडलात की आईने माझं ताट उचलून मला बाहेर ओट्यावर नेऊन बसवलं. मी मोठी होईपर्यंत आणि नंतरही असंच धरून चालले की तुम्ही मला शिकवत होतात. तुमच्या कामातलं तुम्ही मला शिकवलेलं ते एकच सूत्र होतं, आणि मी ते पाठ केलं होतं.

तर मी खालच्या दारावर उभी होते. दारात दोन झडपा होत्या. मी एक अर्धी उचलली. पाणी खालून गुरगुरत निघालं, बोट आधी जराशी पुढे ओढली गेली आणि मग दाराला टेकून हळूच मागे जायला लागली. असं होतं तेव्हा सुकाणूवरच्या माणसाने इंजिन जरा पुढे रेटून बोट जागेवर धरायची असते. यांनी रेटलं. इंजिनाने एक उचकी दिली आणि ते बंद पडलं.

त्यानंतरची शांतता मला अजून ऐकू येते. नुसता पाण्याचा आवाज, खोल कुठेतरी. हे खाली वाकून इंजिनावरची फळी उचलत होते, त्यांची पाठ तेवढी दिसत होती. बोट मागे चालली होती, अगदी सावकाश, झोपेत कूस बदलावी तशी. पांढरी रेघ यांच्या पाठीमागून पुढे आली. मला ती दिसली. तिचा अर्थ मला लागला नाही.

मग खालून कुरकुर आवाज आला, लोखंड दगडावर टेकल्याचा. बोटीचं शेपूट जागच्या जागी थांबलं आणि पुढचं टोक मात्र पाण्याबरोबर खाली जात राहिलं. आतून भांडी कोसळल्याचा आवाज आला, आणि एक काचेचं. हे तोल जाऊन सुकाणूच्या दांड्याला लटकले, त्यांचे पाय घसरत होते, आणि त्यांच्या मागे तो उंबरठा पाण्यातून वर येत होता, काळा, शेवाळलेला, एखादं जनावर उठून बसावं तसा.

आणि मी काय केलं, अप्पा? मी दुसऱ्या झडपेकडे धावले. तिच्यावर हँडल चढवलं आणि फिरवायला लागले. माझं माणूस अडकलं होतं. आधी पाणी सोडायचं. मला विचार करावा लागला नाही, भीतीही वाटली नाही. उलट, कसं सांगू, इतक्या वर्षांत प्रथमच मला खात्री वाटली. माझे हात तुमचे होते.

“ड्रॉप इट!”

खालच्या बाजूने एक बाई पळत चढत होती. पिकलेले आखूड केस, चिखलाचे बूट, हातात स्वतःचं हँडल. तिची बोट खाली वाट बघत थांबली होती. “ड्रॉप द पॅडल! नॉट अप, यू सिली गर्ल, डाउन! डाउन, आय सेड! नाऊ!”

मी तेव्हा पंचावन्नची होते. दोन मुलांची आई, एका नातीची आजी. पण तो आवाज सिस्टरांचा होता, व्हरांड्याच्या टोकावरून येणारा, आणि त्या आवाजाला का म्हणून विचारायचं नसतं. मला काही पटलं नव्हतं. खालची झडप बंद केली तर हे तसेच अडकून राहतील असंच मला वाटत होतं. तरीही हातांनी एकेक करून दोन्ही खटके काढले आणि झडपा धाडदिशी खाली पडल्या. खालची गुरगुर थांबली. ती बाई माझ्याकडे न बघता पुढे पळत वरच्या दाराशी पोचली आणि तिथली झडप बेताबेताने उचलायला लागली. हौदात पुन्हा पाणी यायला लागलं.

तेव्हा मी पहिल्यांदा बोटीच्या पुढच्या टोकाकडे पाहिलं. ते पाण्याच्या कडेशी आलं होतं. छोट्या दाराच्या उंबऱ्यावरून पाणी आत शिरत होतं, तपकिरी, संथ, आणि त्या दारात वन्सं उभ्या होत्या, घोट्याच्या वरपर्यंत पाण्यात, दोन्ही हातांनी चौकट धरून. कपाळावरून रक्त येत होतं. त्या ओरडत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या. कधीपासून बघत होत्या कोण जाणे. दुसरी झडप मी पुरती उचलली असती तर बोटीचं नाक आणखी खाली गेलं असतं, एकदम, आणि त्या आत होत्या, त्या गुडघ्यांनी.

मी त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं. अडकलेलं माणूस दिसतं, अप्पा. खालचं दिसत नाही.

पाणी वाढत गेलं. एका क्षणी बोटीने मोठा धक्का दिला, शेपूट सुटलं, आणि सगळं धूड पाण्यावर आडवं होऊन डुलायला लागलं. त्या बाईने यांना दोर फेकायला लावला, बोट काठाला बांधली, वन्संना हात देऊन बाहेर काढलं. “मशीन बिघडलं का?” वन्संनी पहिलं हे विचारलं. मग खाली गवतावर बसल्या आणि मी त्यांच्या कपाळाला रुमाल लावला तेव्हा म्हणाल्या, “बघितलंस ना? ओटी भरली होती म्हणून निभावलं. नाहीतर आज काय झालं असतं?”

यांनी मागचं झाकण उघडून दंडापर्यंत हात घातला आणि मला ब्रेडची सुरी मागितली. बराच वेळ कापत होते. मग एकेक चिंधी वर यायला लागली, हिरवी, जरीकाठाची, पंख्याच्या दांड्याला दोरासारखी पिळून घट्ट बसलेली. सांगलीहून आणलेला खण. यांनी माझ्याकडे बघितलं. मी यांच्याकडे. इंजिनाला काहीही झालेलं नव्हतं.

“काय रे, काय सापडलं?” वन्संनी लांबून विचारलं.

“प्लास्टिकची पिशवी, ताई,” हे म्हणाले. “लोक काय वाट्टेल ते टाकतात पाण्यात.”

“मेले,” वन्सं म्हणाल्या.

ती बाई यांच्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिला भाषा कळली नाही, पण चेहरे कळले असावेत. ओली जर बोटावर घेऊन म्हणाली, “फारच छान पिशवी आहे.” तिने तिच्या बोटीतून थर्मास आणला, सगळ्यांना चहा दिला, यांना पांढऱ्या रेघेवरून चार शब्द सुनावले, आणि हे निमूट ऐकत राहिले, मान न डोलावता.

कप दोन्ही हातांत धरून मी त्या खालच्या दाराकडे बघत बसले, आणि तेव्हा मला तुमचं ते वाक्य पुन्हा ऐकू आलं, घास हातात धरलेलं. इतकी वर्षं मी ते शिकवण म्हणून ऐकलं होतं. तो प्रश्न होता ना? तुम्ही आईला विचारत होतात, मला विचारत होतात, जो कोणी समोर जेवायला बसेल त्याला विचारत होतात, आणि कोणीच उत्तर देत नव्हतं. मी मात्र उलटा प्रश्न विचारला. बाराव्या वर्षी मला कळत नव्हतं की चौकशीच्या साहेबांनीही तोच विचारला असणार.

आता उत्तर देते. तुम्ही बघायला हवं होतं का? हो. माणूस पाठवायला हवा होता का? हो. ती म्हातारी कोणाची तरी कोणी होती. पण तिथे उभं राहिल्यावर काय होतं ते मला आता माहीत आहे. डोळ्यांना एकच माणूस दिसतं आणि हात आपले राहत नाहीत. मी तुमच्यापेक्षा शहाणी ठरले नाही. फरक एवढाच की मला ओरडून थांबवणारं कोणी तरी चढण चढून आलं. तुम्हाला कोणी थांबवलं नाही. सगळा गाव काठावर होता आणि सगळे म्हणत होते, सोडा, सोडा.

ही माफी नाही. ती माझ्याकडे मागितलेलीही नाही आणि द्यायचा हक्कही त्या ओढ्याकाठच्या कोणाचा तरी आहे. मला फक्त ओट्यावरून उठून परत आत यायचं आहे, त्या जेवणावर, आणि तुमच्यासमोर बसायचं आहे.

वन्सं पुढे तीन वर्षांनी गेल्या, सांगलीत, आपल्या बिछान्यात. शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायच्या की विलायतेत पाण्याने त्यांना राखलं. आम्ही दोघांनी खणाचं कधी कोणाला सांगितलं नाही. हे अजून उन्हाळा आला की बोटीची माहितीपत्रकं मागवतात आणि मी म्हणते, माझेही गुडघे दुखतात आता.

हे पत्र कुठे टाकायचं मला माहीत नाही, म्हणून घडी न घालता ठेवते आहे. एक राहिलं. चहा संपल्यावर ती बाई माझ्याजवळ बसली. इतका वेळ रागावून बोलणाऱ्या तिने एकदम हळू आवाजात विचारलं, “झडप खाली सोडताना तू काहीतरी ओरडत होतीस, तुझ्या भाषेत. पुन्हा पुन्हा. प्रार्थना होती का?”

मला ओरडल्याचं आठवतही नव्हतं. तिने विचारल्यावर आठवलं. मी ओरडत होते, “अप्पा, नका सोडू! अप्पा, नका सोडू!”

मी तिला म्हटलं, “हो, प्रार्थना होती.”